राखून ठेवलेली तीन मिनिटं

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या आमच्या क्लबात पैसे गिळणारी पोकी, म्हणजे जुगाराची मशिनं चौतीस, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी एकटी. मर्ल पास्को दर गुरुवारी जेवण झालं की यायची, वीस डॉलर खेळायची आणि चहा पिऊन घरी जायची. हे शहाणपण मीच तिला शिकवलं होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

त्या गुरुवारी वीस गेले, वर आणखी साठ गेले. मर्ल घामाघूम. म्हणे, मशीन आता गच्च भरलंय, कधीही ओकेल. मी शंभरदा सांगितलेलंच पुन्हा सांगितलं: मशीनला पोट नसतं, आठवणही नसते. आत आकडे अखंड फिरत असतात. तू बटण दाबतेस त्या क्षणी जो असेल तो लागतो. तिच्या डोक्यात काही शिरेना.

"पैसे काढून आणते. तोवर इथं कुणाला बसू देऊ नकोस, पोरी," ती म्हणाली आणि तिनं मशीन राखून ठेवायचं बटण दाबलं.

तिच्या खात्यात होते ते क्लॅरीच्या, तिच्या नवऱ्याच्या कवळीचे पैसे. जुनी कवळी मोडल्यापासून दोन महिने बिचारा सूपवर होता आणि सोमवारी नवीसाठी पैसे भरायचे होते.

आमच्याकडे मशीन तीन मिनिटं राखता येतं. पडद्यावर सेकंद उलटे धावत होते आणि तिकडे एटीएमपुढे रांग होती. वेळ संपली. ट्रकवाल्या लिंडसेनं विचारलं, बसू का? जागा गेली की बाई मुकाट घरी जाईल, असा विचार करून मी हो म्हटलं.

त्यानं एकदाच बटण दाबलं. घंटा वाजायला लागल्या. दोन हजार तीनशे डॉलर.

मर्ल मागेच उभी होती, नोटा मुठीत घट्ट धरून.

"ते माझं होतं."

"नव्हतं गं. तू वेगळ्या क्षणी दाबलं असतंस. वेगळाच आकडा लागला असता."

"म्हणजे कुठल्याही मशीनवर बसलं तरी सारखंच?"

"सारखंच."

"मग आमच्यासाठी राखून कशाला ठेवता?"

अकरा वर्षं मी इथं नोकरी करतेय. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला माझीच लाज वाटली.

मर्लनं शेजारच्या मशीनची खुर्ची ओढली.

"हे तरी कुणाला देऊ नकोस," माझ्याकडे न बघताच ती म्हणाली आणि पन्नासची पहिली नोट आत सारली.