कोंबडो काय कोंबडी

फेब्रुवारीत माझ्या दिराने, विनीतने, डोंबिवलीहून कुरिअरने एक पाकीट पाठवलं. आत सुकवलेल्या ब्लूबेरी. सोबत फोनवर सूचना: आईला रोज सकाळी मूठभर द्यायच्या. म्हातारपणी मेंदूला चांगल्या आणि पोटालाही, असं त्याने वाचलं होतं.

सासूबाईंची, राधाबाईंची, दोन्ही ठिकाणी तक्रार होती. पोट तीन-तीन दिवस साफ व्हायचं नाही, आणि चौथ्या दिवशी झालं की नाही हे त्यांना आठवायचं नाही. कढीत मीठ दोनदा पडायचं. बारा वाजायच्या आत आजचा वार चारदा विचारून व्हायचा.

"मे महिन्यात येतो, वैनी. बघतो," विनीत म्हणाला. "फरक नसेल तर तिला इकडे घेऊन येतो. पाचव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर समोरच."

हे मी आयेला, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं नव्हतं, पण भिंतीपलीकडचं तिला बरोबर ऐकू येतं.

"माका थंय नेवन ठेवतलो खंय?" तिने विचारलं. "लिफ्टीत?"

सव्वीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर भांडलो. ती गेली तर भांडायचं कुणाशी? माझा नवरा सत्यवान होडीवर असतो, आणि घरी असला तरी भांडणात त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून मी रोज सकाळी बारा ब्लूबेरी मोजून वाटीत द्यायला लागले. पहिल्या दिवशी तिने एक चावली.

"ह्यां काय गो? करवंदां सुकवन धाडल्यान काय? दाताक चिकाटता."

तरी वाटी रोज रिकामी परत यायची. दोन आठवड्यांनी मी घरापुढचं खळं झाडत होते, तर आमची तांबडी कोंबडी आयेच्या पायाशी मान वर करून उभी. आये एकेक ब्लूबेरी तिच्यापुढे टाकत होती, अगदी मोजून.

"तिका आवाडता," ती म्हणाली.

मी कसालला माहेरी गेले तेव्हा आयेला बरोबर नेलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं, त्यात काही नव्हतं. मग मी ब्लूबेरीचं सांगितलं, कोंबडीसकट.

"तुमचे दीर म्हणतात त्यात तथ्य आहे," त्या म्हणाल्या. "अशा गडद रंगाच्या फळांवर अभ्यास झालेत. नेमाने खाणाऱ्यांना थोडा फायदा दिसतो. थोडा. विसरलेलं परत येईल असं कुणी म्हणत नाही. पोटाचं काम मात्र चोथा करतो, आणि पाणी, आणि चालणं. तुमच्या सड्यावर करवंदं नाहीत का?"

"आहेत की."

"मग? त्यांच्यावर एवढा अभ्यास झालेला नाही, पण फळ ते फळ. साखरेच्या पाकात नकोत. ताजी खाऊ दे, बेताने. आणि तोडायला तिलाच न्या."

एप्रिलमध्ये करवंदं काळी झाली. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, जायला लागलो. पाऊण तासाची चाल, तिच्या पायाने दीड तास. वर पोचली की ती फणसाच्या पानाचा खोलो, म्हणजे द्रोण, करायची, काडी लावून. त्यात करवंदं भरायची आणि एकेक काढून मला विचारायची, "कोंबडो काय कोंबडी?"

हा खेळ आमच्याकडे सगळी पोरं खेळतात. करवंद फोडायच्या आधी सांगायचं. आतून लाल निघालं तर कोंबडो, पांढरं निघालं तर कोंबडी. मी निम्म्या वेळा चुकायचे. ती चुकायची नाही. आठ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती फळाकडे बघतच नाही. ती करवंदीच्या जाळीकडे बघते. कातळाजवळच्या जाळीत सगळे कोंबडे, पायवाटेच्या वळणावरच्या जाळीत सगळ्या कोंबड्या. सड्यावरच्या तीसेक जाळ्या तिला पाठ होत्या. घरी आल्यावर वार विचारायची.

पोट मात्र रोज साफ. ते ती मला मोठ्याने सांगायची, शेजारची तुळसा ऐकत असली तरी.

विनीत मंगळवारी येणार होता. त्याच्याजवळ इंटरनेटवरून काढलेला प्रश्नांचा कागद असणार, हे मला माहीत होतं. आठवडाभर मी आयेकडून 'मंगळवार' आणि तारीख घोटून घेतली. ऐन वेळी त्याची सुट्टी एक दिवस पुढे गेली. एका रात्रीत बुधवार बसवणं काही मला जमलं नाही.

तो आला, चहा प्यायला आणि कागद काढला. "आई, आज कोणता वार आहे?"

"हो असो सरकारी माणसासारखो कित्याक बोलता?" तिने मला विचारलं. मग ताठ बसून म्हणाली, "मंगळवार."

"बुधवार आहे."

"हिनाच शिकवल्यान," तिने माझ्याकडे बोट केलं. "आठ दिवस."

विनीतने माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघितलं. नंतर त्याने तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तिने काटे काढलेच नाहीत. मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले: नदी, खुर्ची, आंबा. "थोड्या वेळाने विचारतो."

"मगे चल सड्यार," ती उठली. "ऊन चढतला."

आम्ही तिघं गेलो. विनीत मागून चालत होता, ती कुठे ठेचकाळते ते बघत. ती ठेचकाळली नाही. वर त्याने दहा करवंदांत सहा चुका केल्या आणि हसत सुटला. तिने दोन खोले भरले. एक माझ्या हातात दिला, दुसरा पार वळणावरच्या जाळीपर्यंत जाऊन भरून आणला आणि त्याला दिला.

उतरताना त्याने विचारलं, "आये, ते तीन शब्द?"

"कसले शब्द?"

 खोल्यातलं एक करवंद त्याने फोडलं. पांढरं. दुसरं, पांढरं. चार फोडली.

"सगळी कोंबडीच दिलंस माका?"

"तांबडी तुका नको होती," ती पुढे चालत म्हणाली. "ल्हानपणी रगात म्हणान रडत होतस. आठवता?"

त्याला आठवत नव्हतं. तसं त्याने तिला सांगितलंही. मग तो तिथेच कातळावर बसून उरलेली करवंदं खात राहिला. ओठांना चीक लागला होता, तो पुसतही नव्हता.

जेवताना त्याने भाताकडे बघत मला सांगितलं, "वैनी, तिथे तिला जायला जागाच नाही. लिफ्टपर्यंतच. राहू दे इथे. पण सड्यावर एकटी सोडू नका."

"एकटी कोण सोडता?" आये म्हणाली. "तीच माका सोडणा नाय."

तो शनिवारी गेला. सोमवारी सकाळी काठी शोधताना तिने मला विचारलं, "विनीत कधी येतलो गो?"

"येऊन गेला, आये."

"बरो होतो?"

"बरो होतो. करवंदां खाल्ल्यान."

"कोंबडी दिलंस ना त्याका?"

मी हो म्हटलं आणि पाण्याची बाटली भरून घेतली. पावसाला अजून तीन आठवडे होते.