सहा खाचा ओल्या

मी एक जुनी लाकडी मोजकाठी आहे, मित्रांनो. एका छोट्या रुग्णालयाच्या जनरेटरची चौकोनी टाकी आहे ना, तिच्यात मला बुडवून डिझेल किती उरले ते पाहतात. सुताराने माझ्या अंगावर तळापासून काठापर्यंत बारा सारख्या खाचा पाडल्या, शेजारी लिटरचे आकडे लिहिले. पुढे वीज जाईनाशी झाली. मग कुणी माझ्या टोकाने कोळिष्टके काढली, कुणी मला लावून दार अडवले. आकडे पुसून गेले.

एका सकाळी सात वाजता वादळाने विजेच्या तारा तोडल्या. वरच्या मजल्यावर सहा तान्ही बाळे उबेच्या काचपेट्यांत होती. ऑपरेटरकाकांनी धावत येऊन मला बुडवले. चार खाचा ओल्या! म्हणजे एक तृतीयांश टाकी. होते नव्हते ते चाळीस लिटर त्यांनी ओतले. सहा खाचा झाल्या; अर्धी टाकी. पण अर्धी म्हणजे किती लिटर? टाकीवरची पाटी केव्हाच गंजली होती. टँकर संध्याकाळी पाचला येणार होता आणि जनरेटर तासाला पंधरा लिटर पीत होता.

मोठ्या सिस्टर धावत आल्या, तर काका मला घेऊन फरशीवर बसले होते. "सिस्टर, अपूर्णांक आले की माझं डोकंच चालत नाही. शाळेतही कधी चाललं नाही."

सिस्टर त्यांच्याजवळ बसल्या. "टाकीला क्ष म्हणू या. क्षचा तिसरा भाग अधिक चाळीस, म्हणजे क्षचा अर्धा. आता अर्ध्यातून तिसरा भाग काढा."

"किती उरतो?"

"काठीवरच मोजा ना, काका. सहातून चार."

"दोन खाचा... बारातल्या दोन. सहावा भाग! सहावा भाग चाळीस, तर अख्खी टाकी दोनशे चाळीस. आपल्याकडे एकशेवीस." मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आठच तास. तीनला सगळं बंद!"

लगेच डिझेल वाचवायला लिफ्ट, धुलाईयंत्र, कचेरी, खालचे दिवे बंद झाले. तासाने मला बुडवले, तर अर्धीच खाच उतरली होती. तासाला दहा लिटर! सातपर्यंत पुरणार होते.

पाच वाजले. टँकर नाही. सहा वाजले. जिन्यात बसलेली एक आई काका दिसले की विचारायची, "चालू आहे ना हो अजून?" साडेसहाला माझे टोक तेवढे ओले झाले. काकांना तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात फाटकावर टँकरचा भोंगा वाजला.

मित्रांनो, "मला जमत नाही" असे कुणी म्हणाले तर हसू नका, त्याच्याजवळ बसा. त्या सकाळी सिस्टर नुसत्या हसल्या असत्या, तर तीन वाजता सहा पेट्या थंड पडल्या असत्या.