मधला स्पीकर

दादाचा फोन आला की माझं डोकं आधीच तापतं. "मधला स्पीकर बिघडलाय. माणसं दिसतात मध्ये, बोलतात डावीकडून. लगेच ये." सिनेमाचे आवाज जुळवण्यात त्याची तीस वर्षं गेली. मी आपला लोकांच्या घरी स्पीकर बसवणारा, वायरी ओढणारा. त्याच्या लेखी हमालच.

पण आज तो टोमणे मारत नव्हता. गेल्या सिनेमात सगळे संवाद उजवीकडे कलंडलेत, अशी तक्रार आली होती. सोमवारी शेवटची संधी, पुन्हा चुकलं तर काम कायमचं दुसऱ्याकडे. "स्टुडिओतलाही असाच बिघडलाय," तो म्हणाला. "सगळी यंत्रं माझ्याच मुळावर उठलीत."

वायरी तपासल्या, बरोबर. अंतराचं सेटिंग बरोबर. बाकीचे स्पीकर बंद करून फक्त मधला चालू ठेवला. दादा सोफ्यावर डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसला होता.

"डावीकडे," तो म्हणाला.

मग मी टीव्हीखालचा जाळीचा पडदा वर केला आणि कपाळाला हात लावला. स्पीकर मध्ये नव्हताच! चांगला वीतभर उजवीकडे, पार कपाटाच्या कडेला टेकलेला. उजवीकडचा स्पीकर डावीकडून कसा बोलेल, एवढं तरी माझ्या टाळक्यात शिरायला हवं होतं. पण दुसऱ्याची चूक सापडली की मला चेव येतो.

"हा उद्योग कुणाचा?"

"पुसताना सरकला असेल," वहिनी दारातून म्हणाली. ती मला मानेने नको नको करत होती. मला वाटलं, दादा ओरडेल म्हणून घाबरतेय.

"पुसताना? वीतभर? कमाल करता वहिनी!"

वायर काढून मी स्पीकर मांडीवर घेतला, टेप लावून टीव्हीचा बरोबर मध्य काढला आणि तिथेच फतकल मारून म्हणालो, "दादा, हा बघ मध्य. इथे ठेवतो."

त्याने डोळे उघडलेच नाहीत. "कसला मध्य? तू बसलायस कुठे? अरे गाढवा, उजवीकडे सरक. अजून सरक!"

मी जागचा हललो नाही. वहिनीने तोंडावर हात दाबला. माझं उत्तर येईना म्हणून दादाने डोळे उघडले. मी त्याच्या अगदी समोर होतो. मांडीवर मुका स्पीकर, हातात टेप.

त्याने टेप पाहिली, टीव्हीचा मध्य पाहिला. मग त्याने वहिनीला विचारलं, "कधीपासून सरकवत होतीस?"

"उन्हाळ्यापासून. थोडा थोडा. आवाज मध्ये वाटला की तुम्ही दोन घास नीट खायचात." तिने कपाटाच्या कडेकडे बोट दाखवलं. "आता पुढे जागाच नाही उरली."

मला माझ्या हुशारीची शिसारी आली. आयुष्यभर या माणसाची एक तरी चूक काढायची होती, आणि काढली ती ही.

"सोमवारचं कळवून टाकतो," दादा म्हणाला. त्याने स्टुडिओचा नंबर लावला, फोन डाव्या कानाशी नेला आणि थांबला. मग हात बदलून उजव्या कानाला लावला.

"हॅलो? हॅलो, साहेब? बोला ना," फोनमधला माणूस म्हणत होता. मला खाली बसून स्पष्ट ऐकू येत होतं.

दादा भिंतीकडे बघत वाट पाहत राहिला.

"उचलत नाहीत," तो म्हणाला.