बेबीची खोली

कडीच असावी ती — बेडरूमच्या दाराच्या कडेला, फोनवरच्या फोटोच्या अगदी उजव्या टोकाला, नखाएवढं पितळी काहीतरी. की नुसताच रंगाचा टवका... तिनं दोन बोटांनी फोटो ताणला, डोळे बारीक केले. अठरा वर्षं एक्स-रे काढण्यात गेलेली बाई. हाडातली केसाएवढी चीर डॉक्टरांच्या आधी हिला दिसते, आणि भाड्याच्या घराची कडी दिसू नये म्हणजे काय! दिसली. आतूनच होती.

परदेशातल्या दवाखान्याचं नेमणुकीचं पत्र आल्यापासून महिनाभर ती अशी फोटोंतल्या घराघरांतून हिंडत होती. डब्याच्या सुट्टीत, एक्स-रेच्या काचेमागे बसून, तिनं निदान साठ घरं मांडली आणि मोडली होती. गॅलरीत कपडे वाळत घातले, न्हाणीघराला खिडकी होती तिथे गात अंघोळ केली, एका घरात तर शेजारणीशी भांडणही उरकून घेतलं. बाजारात तुरी... असू दे. तुरी माझ्या आहेत.

आता दोनच उरली होती, आणि चारच्या आत एजंटला कळवायचं होतं. एक होतं दोन बेडरूमचं, दवाखान्यापासून बसनं तासभर — ते दादाच्या पसंतीचं. “आम्ही येणार-जाणार, बेबी. मोठंच बघ.” दुसरं हे. बेडरूम एकच, चालत सात मिनिटं.

बेचाळिसाव्या वर्षीही ती घरात बेबीच होती. आई-बाबा गेल्यावर दादाकडे आली आणि हॉलमधल्या दिवाणावर निजू लागली, चार दिवसांपुरती म्हणून. त्याला एकोणीस वर्षं झाली. दादानं कधी वाकडा शब्द काढला नाही, वहिनीनं कधी हातचं राखून वाढलं नाही, मग बोलणार तरी कशावर... पण पाहुणे उठेपर्यंत जागं राहायचं, मॅच संपेपर्यंत अंथरूण घालायचं नाही, रडू आलं तर न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा. मी नळ सोडून रडले आहे, आणि बाहेरून दादा ओरडलाय, “बेबी, पाणी!”

फोन वाजला. दादाच.

“कळवलंस का गं मोठ्या घराचं?”

“नाही. छोटं घेतेय.”

हे आपणच बोललो? ‘विचार करून सांगते’ कुठे गेलं?

“एकच बेडरूम? अगं, आम्ही आलो की झोपायचं कुठे?”

“हॉलमध्ये,” ती म्हणाली. “सोफा आहे. चार दिवस काय, निघतात.”

 दादा म्हणाला, “हो... निघतात की,” आणि त्यानं फोन ठेवला.

आपण सहजच बोललो, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. बोलण्याला टोक होतं, चांगलं घासलेलं. एरवी अशा वेळी पोटात खड्डा पडायचा, आणि ती लगबगीनं फोन लावून ‘तसं नव्हतं रे म्हणायचं’ म्हणायची. ती खड्ड्याची वाट पाहत बसली. आला नाही. उलट सपाटून भूक लागली. दादाला लागलं असणार. माझा दादा आहे तो, मलाही लागलंच थोडं. पण आनंद काही हटेना — निलाजरा, सगळ्या अंगभर. तिनं एजंटला दोन ओळी धाडल्या, डबा चाटूनपुसून संपवला आणि एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं.

“कोण आहे पुढे?”

बाकावरचे आजोबा दचकले. आवाज जरा मोठाच लागला होता. तिनं पुन्हा तसाच लावला.