रेकॉर्डमधला खोकला

"दुसऱ्यांच्या भिंतीला कान लावायची सवय सोड, सोनल. नसती लचांडं गळ्यात येतील," असं माझ्या नवऱ्याने, अमितने, आम्ही पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो त्याच महिन्यात बजावलं होतं. मी हो म्हटलं आणि कान तिथेच ठेवला. तान्हं मूल असलेल्या बाईला कुकरच्या शिट्टीतही रडणं ऐकू येतं. कान बंद करणार कसे?

पलीकडून रोज दुपारी गिटार वाजायची आणि एक पुरुष कानाशी बोलावं इतक्या हळू गायचा. भाषा कळायची नाही. एकदा गाण्याच्या मध्येच खोकला ऐकू आला, घुसमटल्यासारखा. पलीकडे मनोरमाकाकू एकट्या राहतात, एवढंच मला माहीत होतं. लेकीला, स्वरदाला, कडेवर घेतलं, धावत गेले आणि बेल दाबत सुटले.

काकूंनी दार उघडलं. ठणठणीत. माझं ऐकून इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, खोकणारा ब्राझीलचा! साठ वर्षं खोकतोय, मेला अजून बरा होत नाही. ये आत."

ब्राझीलच्या या हळुवार गाण्याला बोसा नोव्हा म्हणतात, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. काकूंचे यजमान सुरेशकाका कारखान्यात इंजिनिअर होते. कधीकाळी कामासाठी ब्राझीलला गेले आणि येताना रेकॉर्ड घेऊन आले. काकूंची लाडकी रेकॉर्ड होती एका छोट्या क्लबातल्या मैफलीची.

"हीच गाणी स्टुडिओतली पण आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "न्हाऊमाखू घालून, पावडर लावून बसवल्यासारखी. हे ऐक. आता कुणाचा तरी ग्लास पडेल. आता गिटारवाला आधीच सुटेल आणि गाणारा हसत हसत त्याला गाठेल. आवाज चढवतच नाही ना तो, म्हणून सगळ्यांना श्वास धरून बसावं लागतं. आणि ऐकणाऱ्यांतल्या या एकाला नेमका तेव्हाच खोकला!"

खरंच होतं. शेवटचा सूर विरल्यावर, टाळ्या पडायच्या आधी, क्षणभर तिथल्या कुणालाच हलावंसं वाटलं नव्हतं, आणि ते न हलणंही ऐकू येत होतं. स्वरदा माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. मग रोजची तिची दुपारची झोप त्या भिंतीच्या भरवशावरच चालली.

घरी मात्र माझं हसं झालं. सासूबाई भाजीवाल्यालाही सांगायच्या, "हमारी बहू रेकॉर्ड को दवा पिलाने गई थी।"

आणि मग ती दुपार. टाळ्या वाजल्या, बाजू संपली, पण सुई उचलली गेली नाही. खर्र-टक्, खर्र-टक्. सुई झिजते म्हणून टाळ्या विरायच्या आत खुर्चीतून उठणारी बाई ती.

"डोळा लागला असेल," सासूबाई म्हणाल्या. "बस खाली. पुन्हा शोभा करून घेऊ नकोस."

"होऊ दे शोभा," म्हटलं आणि निघाले.

बेलला उत्तर नाही. मागच्या अंगणातून शिरले. काकू स्वयंपाकघराच्या दाराशी पडलेल्या, पाय वेडावाकडा, ओठ पांढरेफटक. मी गुडघे टेकले तर पुटपुटल्या, "आधी सुई उचल."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर त्यांची लेक कांचन त्यांना लांब, शहराच्या दुसऱ्या भागात, अरेरा कॉलनीतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. कांचनताई मनाने चांगल्या आहेत, पण दिवसभर ऑफिसात. खालच्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून त्यांनी काकूंना हेडफोन दिले आणि मोबाइलवर तीच मैफल, साफसूफ केलेली.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला. "सगळं पुसून टाकलंय गं. ग्लास नाही, हसणं नाही. माझा खोकणारासुद्धा गेला."

मी सरळ कांचनताईंना विचारलं, "काकू पडल्या तर कळणार कुणाला?"

"हॉलमध्ये कॅमेरा आहे. तू फार टेन्शन घेतेस, सोनल."

घेते. काकू हॉलमध्ये पडल्या नव्हत्या. आणि कॅमेऱ्यात दिसलेलं बघायलाही कुणीतरी बसलेलं लागतं.

पुढच्या रविवारी काकूंच्या घरातला रेकॉर्ड प्लेअर आणि ती रेकॉर्ड मांडीवर घेऊन रिक्षाने गेले. कांचनताईंचा चेहरा उतरला. उतरू दे. काकू वॉकर धरून उठल्या, सुई ठेवली, आणि हॉलभर तो खोकला. खालच्यांचं दारही मीच वाजवून आले. "दुपारी गाणं ऐकू येईल, ते येऊच द्या," म्हटलं. त्यांनी तोंड वाकडं केलं.

म्हणून तुम्हाला सांगते. पिपलानीहून मला रोज येता येत नाही. तुम्ही अरेरा कॉलनीत राहत असाल आणि दुपारी कुठून हळू गिटार ऐकू आली, तर जरा थांबा. खोकला आला तर घाबरू नका, तो ब्राझीलचा. पण टाळ्यांनंतर खर्र-टक्, खर्र-टक् चालूच राहिलं, तर जिना चढा, बेल दाबा, मनोरमाकाकूंना बघून या. शोभा झाली तर होऊ दे.