फकीरभाईंचे पॉलिश मशीन

मित्रांनो, मी एक जुने पॉलिश मशीन आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत, फकीरभाईंच्या दुकानात माझे सारे आयुष्य गेले. माझी मूठ त्यांच्याच तळहाताने गुळगुळीत झाली आहे.

गाडीच्या रंगावरचे ओरखडे आधी लोकरीच्या पॅडने घासून काढतात. ओरखडे जातात, पण मागे बारीक गोल रेघा राहतात. सावलीत त्या लपतात आणि उन्हात साऱ्या बॉनेटभर उठून दिसतात. त्या घालवायला मऊ स्पंजाचा पॅड लावून मला हलक्या हाताने, सावकाश फिरवावे लागते. घाईची माणसे हे काम टाळतात. फकीरभाईंनी कधी टाळले नाही. गाडी उन्हात काढून, वाकून, चारी बाजूंनी निरखल्याशिवाय ते किल्ली देत नसत. पार अक्कलकोटहून गाड्या यायच्या. कौतुक त्यांचे व्हायचे आणि फुशारून मी जायचे.

मग गिऱ्हाईक आटले. "नवी दुकानं झाली की," फकीरभाई म्हणत. खरे कारण मला ठाऊक होते. उन्हात वाकूनही त्यांना आता रेघा दिसत नव्हत्या. लोकरीचा पॅड फिरला की रंग त्यांना स्वच्छच वाटे, आणि मऊ पॅड कोरडाच राही. त्यांच्या हाताखाली काम करणारी त्यांची लेक नाजनीन हे पाहत होती. अब्बांच्या जिवाला लागेल म्हणून ती गप्प बसे. मला तर तोंडच नाही.

एके दुपारी चनबसप्पा आपली काळी जीप न्यायला आले. जुने गिऱ्हाईक. उन्हात बॉनेट बघून त्यांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "लई झ्याक झालीया, फकीरभाई." आवाजात दम नव्हता. किल्ली पुढे करता करता फकीरभाई थांबले.

"नाजनीन, तू बघ. खरं सांग, बेटा."

"रेघा हायेत, अब्बा. आधीच्या गाड्यांवर बी होत्या."

"मग बोलली का न्हाईस?"

ती रडू लागली. फकीरभाई रागावले नाहीत. त्यांनी चाचपडत मला मऊ पॅड चढवला आणि तिच्या हाती दिले. स्वतः माझी वायर धरून मागे उभे राहिले. मला फार वाईट वाटले.

दवाखान्यात कळले, मधुमेहाने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मित्रांनो, माझ्या मोटारीतला कार्बनचा तुकडा झिजला की फकीरभाई त्याच दिवशी नवा बसवत. स्वतःच्या डोळ्यांना मात्र "बघू पुढं" म्हणत राहिले. तुमच्या घरात कुणी चाचपडू लागले, तर भिडेपोटी गप्प राहू नका. हात धरून त्यांना दवाखान्यात न्या.

आता मला नाजनीन चालवते. काम झाले की फकीरभाई गाडीपुढे येऊन उभे राहतात.

"रंगात माझा चेहरा दिसतो का गं?"

"दिसतो, अब्बा," ती म्हणते, आणि त्यांना तिच्या शब्दावर विसंबावे लागते.