शंभरातले नव्वद खूश

"कोण खूश आहे ते एकदा माझ्यासमोर येऊ दे!" न्हाव्यानं बायकोच्या हातातली किटली ओढून खाली आपटली, तसं दूध उसळून त्याच्याच पायजम्यावर पडलं. "शंभरातले नव्वद खूश, आणि सगळ्यात जास्त खूश म्हणे आपल्याच गावात. कोण बोललं ते?"

डेअरीसमोर सकाळची रांग होती. रांगेतून माझ्या दिरानं तोंड उघडलं, "तूच बोलला असशील. दिवसभर दुकानात तोंडच तर चालवतोस." झालं, दोघं एकमेकांच्या अंगावर. मी मध्ये पडले नाही. म्हटलं, होऊ दे, दोघंही त्याच लायकीचे.

कारण बोलले सगळेच होते.

गेल्या आठवड्यात शहरातून एक मुलगी आली होती, हातात पाटीएवढा मोबाईल घेऊन. नवा साहेब निवडून आलाय, अजून खुर्चीवर बसायचाय. तोवर तो लोकांना कसा वाटतो हे ती विचारत फिरत होती. आणि विचारायला जागा कुठली धरली? डेअरीची रांग. तीही पार पुढं, फॅटवाल्याच्या टेबलाशी. हा बाबा आमच्या दुधाला मशीन लावतो आणि फॅट किती ते सांगतो. तो सांगेल तो भाव. निवडणुकीत साहेबाचा झेंडा घेऊन गावभर नाचला तोही हाच. आता ह्याच्या नाकासमोर साहेबाला नावं ठेवायची कोणाची माय व्यालीये? न्हावी म्हणाला, "देवमाणूस." माझा दीर म्हणाला, "असा माणूस झाला नाही." मुलगी आपली काचेवर बोट टेकवत पुढं चालली.

माझा नंबर आला तेव्हा मी सांगणारच होते. साहेब भाषणात म्हणाला होता, गावोगावच्या छोट्या डेअऱ्या म्हणजे नुसता खर्च, शहरात एकच मोठी काढू. ते मी कान देऊन ऐकलं होतं. तर ती मुलगी म्हणते, "मावशी, घरातला कर्ता माणूस कोण?" नेमके तेव्हाच आमचे हे मोटारसायकलवरून तंबाखू आणायला निघालेले. थांबले, फॅटवाल्याकडं बघितलं, म्हणाले, "साहेब ना? एक नंबर!" आणि निघून गेले. लागला आमच्या घराचा निकाल. शेण मी काढायचं, वैरण मी कापायची, म्हशीच्या लाथा मी खायच्या, आणि मत मात्र ह्यांचं!

काल टीव्हीवर ते आकडे आले आणि आकड्यांमागोमाग साहेब आला. हात जोडून हसत म्हणाला, ज्या गावांनी माझ्यावर एवढा विश्वास टाकला, तिथूनच सुरुवात करणार. खुर्चीवर बसलो की पहिल्याच महिन्यात तिथल्या डेअऱ्या बंद.

डेअरी चालत जाण्याइतकी जवळ आहे म्हणून दूध मी घालते, आणि मी घालते म्हणून पैसे माझ्या हातात पडतात. त्या पैशांवर माझी पोरगी नर्सिंगला शिकतेय. तिच्या बापाचं चाललं होतं, शिकून काय करायचंय, लग्न लावून टाकू. उद्या दूध शहरात न्यायचं म्हणजे मोटारसायकल आली, आणि मोटारसायकल म्हणजे हे. मग पैसा कुणाच्या खिशात जाणार आणि पोरगी कुठं जाणार, हे मला टीव्हीनं सांगायला नको. ह्यांना विचारलं, "एक नंबर म्हणालात ना? आता?" तर म्हणे, "सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं." अरे, मग शरम काय बाजारात विकून आलात?

तर इकडं न्हावी नि दीर कॉलर धरून उभे, आणि तेवढ्यात तीच मुलगी परत हजर. साहेबाच्या निर्णयावर लोकांना काय वाटतं, आता ते विचारायचं होतं. दोघांनीही कॉलर सोडली.

मी रांग मोडून पुढं गेले. "मला विचार."

"मावशी, एका घरातून एकच. तुमच्या घरून काकांचं नाव आहे. दुसरं नाव मोबाईल घेतच नाही."

"मग बोलाव तुझ्या काकांना."

हे आले. सगळे फॅटवाल्याकडं बघायला लागले, तसा तोच उसळला, "माझ्याकडं काय बघता? बोला की! डेअरी बंद म्हणजे माझीही नोकरी गेली. मीही दहापैकी दहा दिले होते साहेबाला!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो, बोला," मी म्हटलं. "दूध माझं आहे. तुम्हाला नुसतं तोंड हलवायचंय. आपल्या पोरीचा विचार करून तरी बोला."

ह्यांनी मशीनकडं बघितलं, मुलीकडं बघितलं, माझ्याकडं तेवढं बघितलं नाही. "तसा... चांगलाच आहे निर्णय. मोठी डेअरी होईल." मग माझ्या कानाशी लागून, "अगं, हा फॅटवाला उद्या शहरातल्या डेअरीत लागला तर? दूध शेवटी ह्याच्याच हातात जाणार."

मुलीनं बोट टेकवलं.

"काय लिहिलंस, बाई?"

"समाधानी."

"बरं." मी टेबलावर ठेवलेली माझी किटली उचलली.

"वहिनी, अहो, दूध?" फॅटवाला म्हणाला.

"ज्यांचं समाधान झालंय त्यांच्याकडून घ्या."

मी वळले. मागं न्हाव्याची बायको होती. तिनं एकदा नवऱ्याच्या ओल्या पायजम्याकडं बघितलं, खालची किटली उचलली आणि माझ्यामागं निघाली. मग माझी जाऊ निघाली, मग तिच्या मागची, मग सगळ्याच. दूध रस्त्यावर ओतून देणं आमच्यानं होणार नाही. घरी नेऊन विरजण लावू, तूप काढू, मरमर मरू, पैसे कमी मिळतील. पण मिळतील ते आमच्या हातात. बायका गेल्या तसे पुरुष रिकाम्या हातांनी पुढं सरकले. मुलगी एकेकाला विचारत होती आणि एकेक जण सांगत होता, समाधानी, समाधानी.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा टँकर आत शिरत होता. ड्रायव्हरनं उतरून कॅन हलवून बघितले. सगळे रिकामे.

"आज दूध कुठंय?" तो ओरडला.

फॅटवाल्यानं मशीनचं बटण बंद केलं.

"दूध नाही," तो म्हणाला. "पण लोक फार खूश आहेत."